वैजनाथ आणि पाच भाषांचा डबा

वैजनाथ कोणाच्याही घरात शिरला की आधी वर बघायचा. यजमान 'या, बसा' म्हणतोय, घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे, आणि हा दारातच मान वर करून छताचे चारही कोपरे न्याहाळतोय. छत झालं की त्याच नजरेने घरच्या माणसांची तोंडं बघायचा. आपल्याकडे कोणी असं बघितलं की उगाचच काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. मला तर पहिल्याच भेटीत राग आला होता. ओल आली होती ती माझ्या भिंतीला, मला नव्हे.

आमची इमारत धायरीत. नव्वदनंतर सिंहगड रस्त्याच्या आत शेतांवर ज्या इमारती घाईघाईने उभ्या राहिल्या, त्यांतलीच एक. रंग सुकायच्या आत बिल्डर दुसऱ्या प्लॉटवर गेलेला. तळमजल्याच्या गाळ्यात माझं एसटीडीचं बूथ होतं. एका वर्षी दिवाळी होऊन गेली, पाऊस केव्हाच थांबला, तरी टेलिफोनमागची भिंत ओली ती ओलीच. वरच्या घरातले हिंदुराव म्हणाले, ओल गच्चीच्या पाइपातून येते, तो सोसायटीचा प्रश्न आहे. सोसायटी म्हणाली, ओल हिंदुरावांच्या बाथरूममधून येते, तो त्यांचा प्रश्न आहे. पुण्यात असल्या प्रश्नांवरून माणसं जन्मभर एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी कोणीतरी म्हणालं, गावठाणात एक परळीकडचा वॉटरप्रूफिंगवाला राहतो, त्याला आणा.

वैजनाथ आला आणि त्याने कोणाचंच ऐकून घेतलं नाही. माणसं काय सांगतात ते ऐकायचं नाही, हा त्याचा धंद्यातला पहिला नियम होता. गच्चीच्या पाइपात त्याने कपड्यांची नीळ कालवून ओतली आणि हिंदुरावांच्या बाथरूममध्ये बादलीभर कुंकवाचं पाणी. मग माझ्या बूथमध्ये स्टूल टाकून भिंतीकडे तोंड करून बसला. गिऱ्हाईक फोनवर माहेरी तक्रारी सांगतंय, आणि हा तिच्याकडे पाठ करून भिंत बघतोय. दुसऱ्या दिवशी भिंतीवर गुलाबी डाग उमटला. हिंदुरावांना खाली बोलावलं, तर डाग बघून ते शांतपणे म्हणाले, "कुंकू तुम्हीच बाहेरून फासलं असेल."

मी चिडले. वैजनाथ मात्र खूश झाला. एवढ्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या तोडीचं भेटलं होतं. त्याने हिंदुरावांना स्वतःच्या हाताने कुंकू कालवायला लावलं, बादली स्वतः ओतायला लावली, आणि आदल्या डागावर चुना मारून सगळं पहिल्यापासून केलं. डाग पुन्हा गुलाबीच आला. त्या दिवसापासून त्या दोघांची जी दोस्ती जमली ती अजून टिकून आहे. दोघं शेजारी बसतात आणि तिसऱ्या माणसावर संशय घेतात.

हा संशय त्याला कुठून चिकटला, असं मला पुष्कळांनी विचारलंय. गावी कोणी फसवलं होतं का, पुण्यात आल्यावर कोणी लुबाडलं का. तसं काहीही नाही. काही माणसं डावखुरी असतात, तसा हा संशयी होता. स्वारगेटला उभा राहून लोणी काळभोरची बस कुठून सुटते, हे तो तिघाचौघांना विचारायचा. सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं तर सगळीकडे जाऊन बघायचा. पण सगळ्यांनी एकच सांगितलं की याच्या कपाळाला आठी. सगळे एकच कसे काय सांगतात? लोणी काळभोरला एका हॉस्टेलच्या गच्चीवर त्याचं काम चालू होतं आणि तिथे तो नेहमी उशिरा पोचायचा, तो या चौकशीपायी. बायको राधा मुकाट बाई. आमटीत मीठ घातलंय असं तिने सांगितलं तरी हा आधी बोट बुडवून बघणार. तिने कधी त्यावर तोंड उघडलं नाही. मी असते तर ती वाटी त्याच्या डोक्यावर पालथी घातली असती.

त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ताई. घरात दोन खोल्या आणि वर पत्रा, दुपारी आत बसवत नसे, म्हणून शाळा सुटली की ती माझ्या बूथमध्ये अभ्यासाला येऊन बसायची. गिऱ्हाईक आलं की उठून मीटर लावायची, गेलं की पुन्हा पुस्तकात डोकं. बापाची नजर तिच्याकडे आली होती, पण ती नजर तिने छतावर न लावता शब्दांवर लावली. फोनवर कोणी कानडीत बोललं, गुजरातीत बोललं, की ही कान देऊन ऐकायची आणि नंतर मला विचारायची, काकू, त्यांच्यातही ह्याला हेच म्हणतात का. अकरावीला तिने फ्रेंच घेतलं. वैजनाथला ते कळलं तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, की कॉलेजात ही भाषा खरंच शिकवतात का, की पोरं आपापसात काहीतरी बडबडतात आणि तिला फ्रेंच म्हणतात.

आता त्या डब्याविषयी सांगते. बाजार उघडला त्या वर्षांत परदेशी माल दुकानांतून दिसायला लागला होता. भवानी पेठेत शहेजादभाईंचं दुकान होतं. तीन पिढ्यांचं पुणेकर घराणं, छत-भिंतींना लागणारं सगळं सामान त्यांच्याकडे मिळायचं. त्यांच्याकडे एक नवीन केमिकल आलं. हे लावा, गच्चीवर विटांचे तुकडे आणि सिमेंट थापून करतात तो विटांचा कोबा नको, काही नको, असं ते सांगत होते. वैजनाथचा त्या दुकानाशी शहेजादभाईंच्या वडिलांच्या काळापासूनचा व्यवहार, पण म्हणून त्याने विश्वास ठेवला असं नाही. तो एक डबा उचलून तडक माझ्या बूथमध्ये आला आणि मुक्ताईपुढे ठेवून म्हणाला, वाच.

डब्यावर पाच भाषांत मजकूर होता आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, पाच वेळा एक शब्द. मुक्ताईने एकेक करून वाचला. इंग्रजीत इम्पर्मिएबल. फ्रेंचमध्ये अँपेर्मेआब्ल. स्पॅनिशमध्ये इम्पेर्मेआब्ले. इटालियनमध्ये इम्पेर्मेआबिले. पोर्तुगीजला ती जरा अडखळली, मग म्हणाली, इम्पेर्मिआव्हेल. पाचही ठिकाणी अर्थ एकच, ज्यातून पाणी आरपार जात नाही ते.

वैजनाथ डब्याकडे असा बघत राहिला की जणू डब्यानेच काही चोरलंय.

"पाच येगळे देश," तो म्हणाला, "आणि पाचही जण शब्दाला शब्द तेच सांगायलेत. ह्यांना पढवून आणलंय."

मुक्ताई हसली नाही. तिने त्याला नीट समजावलं. हे पाचही शब्द लॅटिन नावाच्या एका जुन्या भाषेतून आलेत. 'मेआरे' म्हणजे जाणं, 'पेर' म्हणजे आरपार, आणि पुढे लागलेला 'इम्' म्हणजे नाही. लॅटिन आता कोणी घरात बोलत नाही, पण तिची लेकरं अशी पाच ठिकाणी नांदतायत. इंग्रजी सख्खी नाही, तिने हा शब्द फ्रेंचकडून मागून घेतलाय.

"म्हंजे एकाच घरातले साक्षीदार," वैजनाथ म्हणाला. "मग तर मुळीच धरायचे न्हाईत."

त्याचं म्हणणं असं होतं, की ज्यातून पाणी जात नाही अशी वस्तू जगात नाही. पाण्याला वेळ लागतो, एवढंच. आणि जो माणूस 'कधीच जाणार नाही' असं छापून देतो, तो पाच काय, पन्नास भाषांत बोलला तरी खोटारडा. मुक्ताई म्हणाली, ते मला नाही माहीत अण्णा, पण गंमत बघा, ज्या शब्दाचा अर्थ आरपार जाऊ न देणारा, तो स्वतः मात्र पाच देशांत आरपार गेलाय. वैजनाथला यात गंमत दिसली नाही. त्याने कुंभारवाड्यातून नवा माठ आणला, आतून ते केमिकल फासलं, पाणी भरलं आणि माझ्या बूथच्या दारात टांगला. माठ पाझरला नाही. मग त्याने माठावर संशय घेतला. दुसरा आणला. तोही कोरडा राहिला, तेव्हा नाइलाजाने ते केमिकल वापरायला लागला. पण प्रत्येक गच्चीवर खाली आपला विटांचा कोबा घालायचाच आणि वरून ते लावायचं. दोघांपैकी एक तरी खरं निघेल, म्हणायचा.

मुक्ताईचं मात्र त्या डब्याने भलं केलं. एक शब्द धरला की पाच भाषांच्या घरात पाऊल टाकता येतं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. फ्रेंचच्या जोडीला तिने स्पॅनिश धरलं, त्यात परीक्षांवर परीक्षा दिल्या. त्या काळात पुण्यात आयटी कंपन्यांना परदेशी भाषा येणारी माणसं हवीच होती. बाणेरच्या एका कंपनीने तिला बोलावलं आणि चाचणीसाठी भाषांतराला जे पान दिलं, ते नेमकं छपराच्या कुठल्याशा लेपाचं निघालं. बाकीच्या मुलींना शब्दकोशात बघूनही ते काय आहे याचा पत्ता लागेना. हिने एका बैठकीत लिहून दिलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, हे तुला कसं माहीत? ही म्हणाली, माझे वडील वॉटरप्रूफिंग करतात. पुढे ती बाई तिच्या गटाची प्रमुख झाली आणि कंपनीत सगळीकडे झालं, ती बघा, वॉटरप्रूफिंगवाल्यांची मुक्ताई. मुक्ताईला त्याचा अभिमान होता. मला तिने ते कितीदा तरी सांगितलं. बापाला सांगितलं नाही, कारण त्याने लगेच विचारलं असतं, कंपनीला छपराचं पान कशाला लागतं?

नोकरीला दोन-अडीच वर्षं झाली आणि कंपनीने तिला वर्षभरासाठी माद्रिदला पाठवायचं ठरवलं. तिच्याबरोबर तिच्या गटाची प्रमुख आणि शुभंकर नावाचा एक मुलगा जाणार होता. मुक्ताईने घरी सांगितलं. राधा देवापुढे साखर ठेवून आली. वैजनाथ म्हणाला, "बघू. तपासतो."

पोरगी बापाच्या 'हो'शिवाय जाणार नव्हती, तेवढी ती त्याचीच होती. आणि बाप तपासल्याशिवाय 'हो' म्हणणार नव्हता. त्याला अगदीच निमित्त नव्हतं, असं मी म्हणणार नाही. शेजारच्या सोसायटीतल्या एका मुलाला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीने प्रशिक्षणाला म्हणून घेतलं होतं आणि एका सोमवारी तो गेला तर दाराला कुलूप आणि पाटीच्या जागी चार खिळे. पण मुक्ताईला तर दर महिन्याला पगार मिळत होता. मी वैजनाथला तसं म्हटलं, तर म्हणाला, गळायच्या आधी समदीच छतं कोरडी असत्यात, वहिनी.

पहिली तपासणी माझ्या बूथमधून झाली. त्याने मला कंपनीत फोन लावायला सांगितला आणि विचारायला सांगितलं की तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं. खऱ्या इमारतीतल्या माणसाला पाण्याची वेळ ठाऊक असणार, असा त्याचा हिशेब. पलीकडची मुलगी इंग्रजीत 'सॉरी?' म्हणाली. मी पुन्हा विचारलं, ती पुन्हा 'सॉरी?' म्हणाली आणि फोन ठेवून दिला. वैजनाथने माझ्याकडे असं बघितलं की बघा, मी सांगत नव्हतो? माझा पारा चढला. मी त्याला सांगितलं, की मुलीच्या नोकरीची अशी धिंड काढायची असेल तर माझ्या फोनला हात लावू नका. तो उठून गेला. मला वाटलं, विषय संपला.

संपतो कसला. दोन दिवसांनी तो घमेलं, थापी आणि बादली घेऊन स्वतः बाणेरला गेला. दारावरच्या माणसाला म्हणाला, गच्ची बघायला आलोय. पुण्यातली इमारत म्हटल्यावर कुठेतरी गळत असणारच, ह्या एका गोष्टीवर त्याचा पूर्ण विश्वास होता आणि तो खरा ठरला. आतून कोणीतरी म्हणालं, अरे हो, कॉम्प्युटरच्या खोलीत ओल येते, सोडा त्याला वर. वर जाऊन त्याने पाण्याच्या टाक्या बघितल्या, त्या किती वेळात उतरतात ते बघितलं, कॅन्टीनचं धुराडं बघितलं, खाली जाणाऱ्या पाइपांना कान लावला. तिथल्या तिथे त्याची खात्री पटली. खोटी कंपनी एवढं पाणी वापरत नाही. मुक्ताईला 'हो' म्हणायचं त्याने त्या गच्चीवर ठरवलं, हे मला त्याने नंतर सांगितलं आणि मी त्यावर विश्वास ठेवते.

तेव्हाच तो खाली उतरून चालता झाला असता तर काही बिघडलं नसतं. पण ओल दिसल्यावर वैजनाथचा पाय निघत नाही. तो खालच्या मजल्यावर त्या खोलीतला डाग बघायला गेला. तिथे शुभंकर आणि गटाची प्रमुख उभे होते. वॉटरप्रूफिंगवाला, वय मुक्ताईच्या बापाएवढं, बोलणं परळीकडचं, दोघांनी लगेच ताडलं. शुभंकर हसत आत गेला आणि मुक्ताईला हात धरून घेऊन आला. चल, तुझे बाबा आलेत.

मुक्ताई दारात आली. समोर बाप उभा, हातात थापी, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, डोक्याला पंचा. तिला मनापासून आनंद झाला होता, असं ती मला म्हणाली. वाटलं, अण्णा माझं ऑफिस बघायला आले.

"अण्णा," ती म्हणाली.

वैजनाथने तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. "कोन अण्णा?" तो म्हणाला. "मी गच्चीच्या कामाला आलोय बाई. मी न्हाई वळखत तुमाला."

आणि बादली उचलून जिन्याने खाली गेला.

मला हे आधी मुक्ताईने सांगितलं. बूथमध्ये येऊन बसली, डोळ्यांत टिपूस नाही, आवाज सपाट. अण्णा गेल्यावर ती सगळ्यांना म्हणाली होती, हे माझे वडील आहेत. सगळे म्हणाले, हो का. आणि एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी गटाच्या प्रमुखांनी तिला खोलीत बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं. आता त्यांना दोनच गोष्टी वाटू शकत होत्या. एक तर ही बापाविषयी पहिल्या दिवसापासून खोटं सांगत आली, किंवा हिच्या घरात असं काही आहे की बाप हिला ओळख देत नाही. वर्षभर त्याच माणसांबरोबर परक्या मुलखात राहायचं होतं.

"काकू," ती म्हणाली, "आता मी काहीही सांगितलं की ते आधी एकमेकांकडे बघतात."

संध्याकाळी वैजनाथ आला, तेव्हा मी त्याला बसायलाही सांगितलं नाही. तो उभ्या उभ्याच म्हणाला, की चारचौघांत आपल्यासारख्या माणसाला बाप म्हणायची पोरीला लाज वाटेल, म्हणून तो तसं बोलला.

"खोटं," मी म्हटलं. "तिने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलंय, की माझे वडील वॉटरप्रूफिंग करतात. तुम्ही तिच्यामागे हेरगिरी करायला गेलात आणि पकडले गेलात. लाज तुम्हाला तुमची वाटली. तुमचं कातडं वाचवायला तुम्ही पोरीला खोट्यात पाडलंत."

मला त्याची अजिबात कीव आली नव्हती, ती नंतर आली. त्याने त्या जुन्या गुलाबी डागाच्या जागेकडे बघत विचारलं, "समद्यांना सांगितलं होतं तिनं? आधीच?" मी म्हटलं, पहिल्या दिवशी. तो निघून गेला.

घरी भांडण होईल म्हणून तो वाट बघत राहिला. राधाने मला सांगितलं, रोज संध्याकाळी जेवायला बसला की पोरीच्या तोंडाकडे बघायचा. ती वाढून घ्यायची, जेवायची, ताट उचलायची. विचारलं त्याचं उत्तर द्यायची, त्यापुढे चकार शब्द नाही. वैजनाथ माझ्याकडे येऊन म्हणाला, वर तळं साचलंय वहिनी, आणि खाली एक थेंब न्हाई. त्याने आयुष्यभर न गळणारं छत मागितलं होतं आणि आता ते मिळाल्यावर त्याची झोप उडाली होती.

शेवटी त्याने तिला सांगून टाकलं, की जा, माझी ना नाही. तेव्हा मुक्ताईने त्याच्याकडे त्याच्याच नजरेने बघितलं.

"का?" तिने विचारलं. "आता काय तपासलंत?"

तो म्हणाला, काही नाही, तुझ्यावर भरवसा आहे. ती म्हणाली, बरं. त्या 'बरं'मध्ये काही नव्हतं. बापाचा शब्द तिने ऐकला आणि बाजूला ठेवून दिला. मग त्याने तिला विचारलं, तुझ्या ऑफिसात येऊन त्या लोकांना खरं काय ते सांगू का? तर मुक्ताई म्हणाली, "नका येऊ. आता तुम्ही खरं बोललात तरी त्यांना वाटेल, मी पढवून आणलंय." दुसऱ्या कोणाच्या बाबतीत वैजनाथही हेच म्हणाला असता.

मी त्याला म्हटलं, तरीही जा. तो म्हणाला, पोर नको म्हणतीय. मी म्हटलं, आयुष्यात कधी कोणाचं ऐकलं नाहीत, ते आत्ताच कसं ऐकायला लागलात? पण तो गेला नाही. कामावर जायचा, परत यायचा. हिंदुरावांनी त्याला मुद्दाम सोसायटीच्या नव्या रखवालदाराविषयी संशयास्पद असं काही सांगून बघितलं, त्यातही त्याचं मन लागेना.

जायचा दिवस उजाडला. मुंबईच्या विमानतळावर न्यायला कंपनीची गाडी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी आली, कारण गावठाणाच्या बोळात ती शिरत नव्हती. राधा, वैजनाथ आणि मुक्ताई सामान घेऊन तिथे उभे होते. मी बूथ उघडं टाकून बाहेर आले. वरून हिंदुराव खिडकीत. गाडीत ती गटाची प्रमुख बाई मागे बसली होती आणि शुभंकर पुढे. मुक्ताईने आईला मिठी मारली, माझ्या पाया पडली, वैजनाथच्याही पडली. रीत म्हणून पडली, हे मला कळलं आणि त्यालाही कळलं. मग ती गाडीत जाऊन त्या बाईशेजारी बसली. उन्हं चढत होती, ड्रायव्हरने एसी लावून काचा वर घेतल्या.

बॅग ठेवायला शुभंकर खाली उतरला. त्याने डिकी उघडली, वैजनाथने बॅग उचलून दिली, आणि तेव्हा त्या मुलाने त्याच्याकडे निरखून बघितलं. चांगल्या घरचा मुलगा, लगेच नजर बॅगेकडे वळवली. पण त्याने ओळखलं होतं. वैजनाथ दोन्ही हात डिकीच्या काठावर ठेवून उभा राहिला. मला वाटलं, आता हा पुन्हा भिंतीकडे बघणार. तिथे भिंत नव्हती.

"मी वैजनाथ," तो म्हणाला. "मुक्ताईचा बाप. तुमच्या हापिसात आलतो, गच्ची बघायला न्हाई, पोरीवर नजर ठिवायला आलतो. पोरीनं वळखलं, तर न्हाई म्हनलो. पोरगी खरं बोलत हुती. खोटं मी बोललो."

हे सगळं तो खालच्या आवाजात बोलला. माझ्या मनात आलं की ओरडून सांगावं, अहो, मोठ्याने बोला, आत ऐकू जाऊ दे. ज्या माणसाने जन्मात कधी 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं, त्याला ते मोठ्याने म्हणता येत नव्हतं. शुभंकर गोंधळला. मग म्हणाला, "काका, तिने आम्हाला सांगितलं होतं." आणि पुढे म्हणाला, "मी सांगतो मॅडमना." त्याने वैजनाथचा हात हातात घेतला, डिकी लावली आणि पुढे जाऊन बसला.

गाडी निघाली. मुक्ताई समोर बघत होती. वळणावर तिने काचेतून हात हलवला, तो आईला की सगळ्यांना, हे लांबून कळण्यासारखं नव्हतं. गाडी सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत आम्ही तिघं फाटकाशी उभे होतो. राधा पदर तोंडाला लावून उभी होती.

वैजनाथ माझ्याकडे वळला.

"वहिनी," त्याने विचारलं, "ऐकलं का तिनं?"

काच वर होती, इंजिन चालू होतं, एसी घुरघुरत होता, आणि तो बोलला होता गाडीच्या मागे उभा राहून, पुटपुटल्यासारखा. मुक्ताईने मान वळवलेली मला तरी दिसली नव्हती. शुभंकर सांगेल, सांगणार नाही, सांगितलं तर ती विश्वास ठेवेल, न ठेवेल. मला काय माहीत होतं?

"ऐकलं," मी म्हटलं.

एरवी त्याने मला सोडलं नसतं. काच बंद असताना कसं ऐकलं, तुम्हाला कुठून दिसलं, तुम्ही तर इकडे उभ्या होता. मी उत्तरं जुळवत उभी राहिले. वैजनाथने फक्त मान हलवली, 'बरं झालं' म्हणाला, आणि राधाच्या हातातली रिकामी पिशवी घेऊन घराकडे चालायला लागला.